देवमाशाचा पंचनामा

किनाऱ्याला देवमासा लागला की त्याची बातमी होते. पहिल्या दिवशी फोटो येतो. लांबीचा अंदाज यावा म्हणून शेजारी एखादा माणूस उभा केलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो किती फूट, किती टन आणि बघायला किती गर्दी, हे छापून येतं. तिसऱ्या दिवशी जेसीबीनं खड्डा खणून त्याला पुरल्याची दोन ओळींची बातमी असते आणि विषय संपतो. तो मेला कशानं, हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याबरोबर त्याच खड्ड्यात जातो.

आज त्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयावरचं जे हाती लागलं ते वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की हा एखाद्या खुनाच्या तपासासारखा मामला आहे. फिर्यादी मुका आहे, साक्षीदार पाण्याखाली आहेत आणि पुरावा उन्हात सडतो आहे. तरीही जगात काही माणसं चिकाटीनं हा तपास करतात. काही वेळा गुन्हेगार सापडतो आणि क्वचित पुढचे मृत्यू टळतातही. ही गोष्ट त्या तपासाची आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्या भाषेत त्याला देवमासा म्हणतात, पण तो मासा नाही. तो तुमच्या-माझ्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, त्याचं रक्त गरम असतं. डॉल्फिनचंही तसंच. त्यामुळे ‘पाण्याबाहेर आला म्हणून तडफडून मेला’ हे पापलेटाच्या बाबतीत खरं, देवमाशाच्या बाबतीत नाही. हवा त्याला हवीच असते. मग वाळूवर तो का मरतो? पहिलं कारण त्याचं वजन. पाण्यात ते समुद्र उचलून धरतो. वाळूवर तेच ओझं त्याच्या छातीवर येतं आणि श्वास घेणं जड होतं. दुसरं, उष्णता. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंड पाण्यात तो गोधडीचं काम करतो. उन्हात त्याच गोधडीत प्राणी आतल्या आत भाजून निघतो. तिसरं, बराच वेळ दबून राहिलेले स्नायू मोडायला लागतात आणि त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडं बिघडवतात. म्हणून असा प्राणी ढकलून पाण्यात सोडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन दिवसांनी तो पुन्हा मेलेला सापडला, असं घडतं.

म्हणजे तपास करणाऱ्यापुढे एकाच शरीरावर दोन मजकूर असतात. एक किनाऱ्यानं लिहिलेला, दुसरा समुद्रानं. किनाऱ्यानं काय केलं ते वेगळं काढायचं आणि त्याच्याखाली समुद्रात काय झालं होतं ते वाचायचं. शिवाय पुष्कळ प्राणी समुद्रातच मरतात आणि वारा-प्रवाहाबरोबर वाहत येतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की दूरचं बरंच काही वाळूवर येऊन पडतं, त्यात ही कलेवरंही असतात. जिथे प्रेत सापडलं तिथेच मृत्यू झाला असं धरून चालत नाही. पोलिसांच्या हद्दीचा प्रश्न इथेही आहे.

आणि वेळ फार थोडा असतो. जगभर या कामात प्रेताची पाच इयत्तांत वर्गवारी करतात. पहिली इयत्ता म्हणजे प्राणी अजून जिवंत आहे. दुसरी, नुकताच मेलेला. तिसरी, कुजायला लागलेला. चौथी, पार कुजलेला. पाचवी म्हणजे नुसती हाडं किंवा वाळलेलं कातडं. दुसऱ्या इयत्तेतलं प्रेत पुष्कळ काही सांगतं, चौथ्यातलं जवळजवळ गप्प असतं. आणि देवमासा दुसरीतून चौथीत फार लवकर जातो. तीच चरबीची गोधडी मेल्यावरही आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पोट वायूंनी फुगत जातं. जानेवारी २००४ मध्ये तैवानमधल्या ताइनान शहरात ट्रेलरवरून नेताना एक मेलेला स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला आणि दुकानं, गाड्या, माणसं रक्तामांसानं माखली. सतरा मीटरचा, सुमारे पन्नास टनांचा तो प्राणी शवविच्छेदनासाठीच चालला होता.

वेळेत पोचलेला तपासनीस काय करतो? आधी आपण करतो तसाच पंचनामा. फोटो, मापं, नर की मादी, अंगावर जाळ्याच्या दोरीचे वळ आहेत का, बोटीच्या पंख्याचे वार आहेत का. चरबीचा थर मोजतात. तो पातळ असला तर प्राणी बरेच दिवस उपाशी किंवा आजारी होता. जाड असला आणि जठरात ताजं अन्न असलं तर काल-परवापर्यंत तो धडधाकट होता आणि मरण अचानक आलं. दाताचा पातळ काप घेऊन त्यातल्या रेषा मोजल्या की झाडाच्या कड्यांसारखं वय कळतं. माकुल मासा खाणाऱ्या देवमाशाच्या जठरात माकुलांच्या कडक चोची साठलेल्या असतात, त्यावरून त्याचा आहार कळतो. हल्ली त्याच जठरात दुसरंही काही सापडतं. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या दावाओ आखातात मेलेल्या एका देवमाशाच्या पोटातून चाळीस किलो प्लास्टिक निघालं.

यात एक नियम मला फार बोलका वाटतो. मोडलेलं हाड दिसलं की आपण म्हणू, बोट आपटली. तपासनीस त्या हाडाभोवतीचं मांस बघतो. तिथे रक्त साकळलेलं असेल तर मार लागला तेव्हा हृदय चालू होतं. नसेल तर बोट मेलेल्या प्राण्यावर आदळली आणि तिच्यावर खुनाचा आळ घेता येत नाही. जिवंत माणसाच्याच जखमेतून रक्त येतं, ही साधी गोष्ट इथे न्याय करते.

लहानपणी आमच्या घरी हजरत युनूसची गोष्ट सांगत. प्रचंड माशानं त्यांना गिळलं, त्या काळोखात त्यांनी अल्लाची करुणा भाकली आणि माशानं त्यांना किनाऱ्यावर आणून सोडलं. ख्रिस्ती आणि यहुदी घरांतही ही गोष्ट थोड्या फरकानं सांगतात. आज गमबूट घातलेली, हातात सुरी घेतलेली माणसं त्या पोटात शिरतात, तेव्हा मला ती गोष्ट उलटी झाल्यासारखी वाटते. किनाऱ्यावर येऊन पडला आहे तो मासा आणि आत जाऊन उत्तर शोधतो आहे तो माणूस.

पण आत शिरलं की उत्तर लगेच मिळतं असं नाही, आणि मिळालेलं उत्तर बरोबर असतंच असंही नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन यायला लागले. न्यू जर्सीपासून सुरू झालेली ही रांग १९८८ मध्ये फ्लोरिडापर्यंत पोचली. सातशे चाळीसहून अधिक डॉल्फिन मेले. तपास झाला आणि निष्कर्ष निघाला तो विषारी शेवाळाचा. समुद्राला तांबूस रंग आणणारं सूक्ष्म शेवाळ, त्याचं विष माशांत, माशांतून डॉल्फिनमध्ये. फाईल बंद झाली. पण त्या वेळी काही प्राण्यांचे ऊतींचे नमुने जपून ठेवलेले होते. पुढे १९९० च्या दशकात दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच नमुने नव्या पद्धतींनी तपासले, तेव्हा त्यांत विषाणू सापडला. माणसांतला गोवर, कुत्र्यांतला डिस्टेंपर आणि आपल्याकडच्या गुराढोरांचा काळ ठरलेली बुळकांडी ज्या कुळातली, त्याच कुळातला. मुख्य आरोपी बदलला. २०१३ ते २०१५ मध्ये त्याच किनाऱ्यावर पुन्हा साथ आली आणि सोळाशेहून जास्त डॉल्फिन गेले, तेव्हा कुठे बघायचं हे आधीच ठाऊक होतं. पहिल्या तपासातल्या माणसांनी निदान चुकवलं असेल, पण नमुने फेकले नाहीत, हे त्यांचं मोठं काम. बरण्या राहिल्या म्हणून पुढच्या पिढीला निकाल दुरुस्त करता आला.

कधी मृत्यूचं कारण सोपं असतं आणि शरीरात सापडलेली गोष्ट त्याहून भयंकर असते. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर एक मेलेली किलर व्हेल मादी सापडली. ओळखीची होती, तिला लुलू म्हणत. मासेमारीच्या दोरात अडकून ती मेली, हे उघड होतं. तरी चरबी तपासायला पाठवली. तिच्यात पीसीबी नावाची रसायनं इतकी होती की त्या जातीत मोजलेल्या सर्वाधिक प्रमाणांत तिचा आकडा बसतो. विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी ही रसायनं ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकातच बंद झाली. पण ती समुद्रात तशीच राहिली, लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून तिच्यात साठत गेली. ती निदान वीस वर्षांची होती आणि तिला कधी पिल्लू झाल्याची खूण तिच्या बीजकोशात नव्हती. ‘दोरात अडकून मृत्यू’ एवढंच लिहून तिला पुरलं असतं, तर हे कधी कळलं नसतं.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे सगळं सांगत आलो, तिकडे वळतो. त्याचा नायक फारसा कुणाला माहीत नाही. त्याला आपण चोचीचा देवमासा म्हणू. जॉर्ज क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२३ मध्ये त्याचं वर्णन केलं ते एका कवटीवरून, आणि त्याला वाटलं हा प्राणी कधीच नामशेष झाला आहे. प्राणी जिवंत होता, फक्त दिसत नव्हता. दिसणार कसा? त्याचं आयुष्य खोल पाण्यात जातं. उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलेल्या अशा एका देवमाशानं जवळजवळ तीन किलोमीटर खोल बुडी मारल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्या एकाची बुडी २२२ मिनिटांची, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास भरली. दोन बुड्यांच्या मध्ये तो थोडा वेळ वर येतो, श्वास घेतो आणि पुन्हा जातो. असा प्राणी उथळ किनाऱ्यावर येण्याचं खरं तर काही कारण नाही.

तरीही तो येत होता, आणि विचित्र पद्धतीनं येत होता. पायलट व्हेलसारखे काही देवमासे एकमेकांना इतके बांधलेले असतात की एक चुकला की सगळा कळप त्याच्यामागे वाळूवर येतो. जुलै २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर पंचावन्न पायलट व्हेल एकत्र लागले आणि जवळजवळ सगळे गेले. त्यांतली एक मादी अडलेली बाळंतीण असावी आणि बाकीचे तिला सोडून गेले नसावेत, असा तिथल्या तपासनिसांचा पहिला अंदाज होता. हे दुःखाचं असलं तरी समजण्यासारखं आहे. चोचीचे देवमासे मात्र असे घोळक्यानं लागत नव्हते. एक इथे, एक दोन कोसांवर, एक त्याच्याही पलीकडे, आणि सगळे एक-दोन दिवसांत.

१९९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दोन संशोधकांनी एक छोटं टिपण लिहिलं. आफ्रिकेच्या वायव्येला स्पेनची कॅनरी बेटं आहेत. तिथे १९८० च्या दशकात चोचीचे देवमासे असे विखरून लागले त्या वेळी जवळपास आरमाराच्या कवायती चालू होत्या, एवढंच त्यांनी नोंदवलं. मे १९९६ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर डझनभर चोचीचे देवमासे सुमारे चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात विखरून लागले. तिथे नाटोचं जहाज पाणबुड्या शोधणाऱ्या ध्वनियंत्राची चाचणी घेत होतं. पण कानांसारखे महत्त्वाचे अवयव वेळेत राखून ठेवलेले नव्हते. संशय होता, पुरावा नव्हता.

हे ध्वनियंत्र म्हणजे सोनार. आपला दागिने घडवणारा सोनार वेगळा. जहाज पाण्यात मोठा आवाज सोडतं, तो पाणबुडीवर आपटून परत येतो आणि त्यावरून ती कुठे आहे ते कळतं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं आणि फार दूरवर जातो. देवमाशाचं सगळं जगणं कानावर चालतं, कारण त्या खोलीवर उजेडच नसतो. तोही स्वतः टिकटिक आवाज काढून, त्याचा पडसाद ऐकून माकुलं शोधतो. म्हणजे एकाच अंधारात दोघं कानानं शिकार करत असतात.

मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर केन बाल्कम या संशोधकाच्या घरासमोरच्या उथळ पाण्यात एक चोचीचा देवमासा आला. बाल्कम याच प्राण्यांचा अभ्यास करत होते आणि पूर्वी अमेरिकी आरमारात पाण्यातल्या आवाजांचंच काम केलेलं. त्या दोन दिवसांत त्या भागात सतरा देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले. काहींना पाण्यात परत ढकलता आलं. जे मेले त्यांतल्या ताज्या प्राण्यांची डोकी बाल्कमनी कापून गोठवून ठेवली. ऐकायला कसंसंच वाटतं, पण ग्रीसमध्ये जे राहून गेलं तेच त्यांनी केलं. ती डोकी अमेरिकेत गेली, माणसाच्या डोक्याचा काढतात तसा त्यांचा सीटी स्कॅन झाला. कानाच्या आत आणि मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. डिसेंबर २००१ मध्ये आरमार आणि अमेरिकी सरकारचं सागरी खातं यांनी मिळून अहवाल दिला. त्यात आरमाराच्या जहाजांवरचा सोनार हेच सर्वांत संभवनीय कारण असल्याचं मान्य केलं होतं.

पण आवाजानं जीव जातो तो नेमका कसा, हे कोडं राहिलंच. ते सुटायला लागलं पुन्हा कॅनरी बेटांवर. सप्टेंबर २००२ मध्ये तिथे बहुराष्ट्रीय नौदल कवायत होती. सोनार सुरू झाल्यानंतर सुमारे चार तासांत चोचीचे देवमासे किनाऱ्याला यायला लागले. एकूण चौदा. या वेळी लास पाल्मास विद्यापीठातले अँटोनियो फर्नांडिस आणि त्यांचे सहकारी तयार होते. दहा प्राण्यांचं पूर्ण शवविच्छेदन झालं. प्राणी चांगले पोसलेले. रोग नाही, विष नाही, बोटीचा मार नाही. पण मेंदू, कानाचा भाग, मूत्रपिंडं, सगळीकडे रक्तस्राव होता, आणि रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आणि चरबीचे कण अडकलेले होते.

हे चित्र डॉक्टरांच्या ओळखीचं होतं, पण माणसांत. खोल पाण्यात काम करणारा पाणबुड्या घाईनं वर आला तर त्याला असंच होतं. याचं सोपं उदाहरण म्हणजे गोटी सोडा. बाटली बंद असते तोवर दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला असतो, दिसत नाही. गोटी आत ढकलली, दाब सुटला की फस्सकन बुडबुडे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजनही दाब एकदम उतरला की असाच बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि वाहिन्या तुंबवतो.

यावर शंका घेणारे होतेच, आणि त्यांनी ती घ्यायलाच हवी होती. लाखो वर्षं बुड्या मारणाऱ्या प्राण्याला हा पाणबुड्यांचा आजार होईलच कसा? खोल गेल्यावर त्याची फुप्फुसं मिटतात आणि नायट्रोजन रक्तात जाणं थांबतं. दुसरी शंका अशी की प्रेत कुजताना बुडबुडे होतातच. मग संशोधकांनी त्या बुडबुड्यांतला वायू सुईनं काढून तपासायला सुरुवात केली. कुजण्याच्या वायूत हायड्रोजन सापडतो, तो जंतूंचा उद्योग. प्रेत ताजं असताना बुडबुड्यात मुख्यतः नायट्रोजनच असेल, तर तो जिवंतपणी झालेला असण्याची शक्यता मोठी. एका बुडबुड्याचीही अशी जबानी घेता येते.

पहिल्या शंकेचं उत्तर जिवंत प्राण्यांनी दिलं. बहामा आणि कॅलिफोर्नियाजवळ काही चोचीच्या देवमाशांच्या पाठीवर छोटी यंत्रं चिकटवून त्यांना सोनारसारखा आवाज मोजून-मापून ऐकवला. हे प्रयोग २०११ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आवाज येताच त्यांनी शिकार थांबवली, स्वतःची टिकटिक बंद केली आणि गुपचूप दूर निघून गेले. बुडी मारण्याची, वर येण्याची, विसाव्याची त्यांची रोजची लय मोडली. आज बहुतेक अभ्यासकांचं मत असं आहे की मोठ्या आवाजाच्या थेट धक्क्यापेक्षा हे घाबरणं घातक ठरतं. लाखो वर्षांत बसलेलं श्वासाचं गणित त्या पळापळीत चुकतं. म्हणजे मारेकरी कोण, तर भीती. बारकाव्यांवर वाद अजून आहेत, पण तपासाची दिशा पक्की झाली आहे.

आणि या तपासाचं फळ काय? २००४ मध्ये स्पेननं कॅनरी बेटांभोवती पन्नास सागरी मैलांच्या आत असा सोनार वापरायला बंदी घातली. त्याआधीच्या वीसेक वर्षांत तिथे चोचीच्या देवमाशांचे असे विखुरलेले सामूहिक मृत्यू पुन्हा पुन्हा होत होते. बंदीनंतर तसा एकही प्रकार तिथे घडला नाही, असं या विषयातल्या जाणकारांनी २०१९ मध्ये मांडलेल्या आढाव्यात नोंदवलं आहे. चौदा प्रेतांनी दिलेली साक्ष फुकट गेली नाही.

यात दुसरी बाजू नाही असं मी म्हणणार नाही. पाणबुडी हे खरं संकट आहे आणि तिला शोधायचा सराव प्रत्येक आरमाराला करावा लागतो. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये न्यायालयानं देशाच्या संरक्षणाच्या बाजूनं कौल दिला. पण कॅनरी बेटांचा धडा एवढाच आहे की सराव कुठे करायचा आणि कुठे नाही, हे ठरवता येतं. मात्र त्यासाठी कुणीतरी वेळेवर सुरी घेऊन वाळूवर उभं राहावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. पिल्लू म्हटलं तरी कित्येक टनांचं. सरकारी माणसं आणि गावकरी कित्येक तास झटले, अंगावर पाणी मारलं, ओल्या कापडांनी झाकलं, शेवटी बोटीनं ओढून खोल पाण्यात नेलं. ते परत आलं आणि मेलं. त्या माणसांच्या धडपडीला माझा सलाम आहे. पण दूध पिणारं पिल्लू आईशिवाय किनाऱ्याला लागतं, तेव्हा खरा प्रश्न त्याला परत कसं ढकलायचं यापेक्षा ते एकटं का पडलं, हा असतो. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीहून अधिक पायलट व्हेल लागले, निम्म्याहून जास्त मेले. तिथल्याच किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्येही जवळजवळ दीडशे लागले होते. तोच किनारा, तोच महिना, मध्ये त्रेचाळीस वर्षं. याला योगायोग म्हणायचं की कारण, हे ठरवायला दोन्ही वेळचे नमुने शेजारी शेजारी ठेवता यायला हवेत.

ब्रिटनमध्ये किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची नोंद १९१३ पासून तिथलं निसर्गविज्ञान संग्रहालय ठेवत आलं आहे, आणि १९९० पासून सरकारी पैशानं त्यांच्या शवविच्छेदनाचा कार्यक्रम चालतो. म्हणून आजच्या मृत्यूची तुलना कालच्या मृत्यूशी करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देवमासे आणि डॉल्फिन यांना संरक्षण आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांचं काय करावं, याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. आमच्या कोकणात वन खात्याची माणसं, पशुवैद्यक, अभ्यासक आणि कोळी बांधव हे काम करू लागले आहेत. कोळ्यांना समुद्राचं जे कळतं ते पुस्तकात नसतं. कुठल्या दिवसांत कुठला प्रवाह, कुठे जाळी लागतात, आठ दिवसांपूर्वी कुणी काय पाहिलं, ही साक्ष त्यांच्याकडेच मिळते. ती घेताना त्यांना आधी आरोपी ठरवू नये, एवढं पथ्य पाळायला हवं.

आणि आपण, बघायला जाणारे? प्राणी जिवंत असेल तर शेपटीला दोर बांधून ओढू नये, त्यानं सांधे निखळतात. अंगावर पाणी मारावं, सावली करावी, पण डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नये. गर्दी आणि गोंगाट आवरावा, भीतीनं काय होतं ते आत्ताच आपण पाहिलं. उघड्या हातानं शिवू नये, त्याचे काही रोग माणसाला होतात. वन खात्याला कळवावं, आणि लवकर कळवावं. मेलेला असला तरीही लवकर, कारण दुसऱ्या इयत्तेतलं प्रेत चौथ्या इयत्तेत जायला वेळ लागत नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा फूट आणि टन वाचून झाल्यावर एक गोष्ट शोधा. नमुने घेतले का, आणि ते कुठे ठेवले? बातमीत ते नसेल तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाका, वन खात्याला विचारा. कुणीतरी विचारतं आहे हे कळलं की जेसीबी यायच्या आधी डॉक्टर यायला लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)